लागलं नाही म्हणून

दिवाळी उरकली की सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या मैदानांवर स्पर्धांचे मांडव पडतात. बहुतेक क्रिकेटचेच. पण गोव्याची हद्द हाकेवर असल्यामुळे मध्येच कुठेतरी फुटबॉलही असतो, आणि त्याला क्रिकेटपेक्षा कमी पण जास्त तावातावाने बोलणारी माणसं येतात. अशाच एका सामन्यात डाव्या कडेने एक सडपातळ पोरगा बॉल घेऊन सुटला होता. समोरून बचावातला दांडगा गडी आला तो दोन्ही पाय जमिनीवरून उचलून, गुडघे ताठ, बुटांचे तळवे समोर. पोरगा ऐन वेळी उडाला. खालून ते दोन पाय गेले, वरून हा गेला, तोंडावर आपटला, दातांतली लाल माती थुंकली आणि चक्क हसला. रेफ्रीने शिट्टी मारली. हात खिशाकडे जातोय तोच कठड्यावरून आवाज आला, "लागूक नाय मां? मगे कार्ड कित्याक?" चार-पाच जणांनी री ओढली. रेफ्रीचा हात खिशापाशी घुटमळला आणि रिकामाच खाली आला. फ्री किक झाली, सामना पुढे गेला, कोण जिंकलं तेही आता नीट आठवत नाही. तो प्रश्न मात्र खटकत राहिला. कारण तो अडाणी प्रश्न नव्हता. जगातल्या सगळ्यात महागड्या मैदानांवर, सगळ्यात नावाजलेल्या रेफ्रींनीही कितीदा तरी याच प्रश्नाला मान दिलेली आहे.

नियमाच्या पुस्तकात याचं उत्तर स्वच्छ आहे. बारावा नियम फाऊलच्या तीन पायऱ्या मानतो. निष्काळजीपणे पाय घातला तर फक्त फ्री किक, कार्ड नाही. समोरच्याला धोका आहे याची पर्वा न करता घातला तर पिवळं. आणि गरजेपेक्षा जास्त बळ लावलं किंवा समोरच्याची सुरक्षितता धोक्यात आणली तर लाल, म्हणजे थेट मैदानाबाहेर. त्यातही पुढून, बाजूने किंवा मागून, एका पायाने किंवा दोन्ही पायांनी अंगावर झेप घेणं वेगळं नमूद केलेलं आहे. या सगळ्यात समोरच्याला लागलंच पाहिजे अशी अट कुठेही नाही. नुसता स्पर्श झालाच पाहिजे अशीही नाही. लाथ मारण्याचा प्रयत्नसुद्धा फाऊलच धरतात. रेफ्रीने बघायचं ते पाय घालणाऱ्याचं शरीर. तो किती लांबून आला, वेग किती होता, गुडघा वाकलेला होता की ताठ, तळवा जमिनीकडे होता की समोरच्याकडे, बॉल मिळण्याची खरोखर शक्यता होती का, आणि पाय लागलाच तर कुठे, बुटावर की घोट्याच्या वर. "बॉल घेतलंय मी!" हे मैदानावरचं सगळ्यात लाडकं वाक्य इथे फारसं उपयोगाचं नाही. बॉलला आधी पाय लावून मग त्याच झेपेत नडगी फोडली, तरी लाल कार्ड लागू शकतं. दुसरी एक गोष्ट बऱ्याच हौशी रेफ्रींना ठाऊक नसते. इतका धोकादायक फाऊल असेल तर अॅडव्हान्टेज द्यायचा नाही, म्हणजे समोरच्या संघाचा फायदा म्हणून खेळ चालू ठेवायचा नाही, थांबवायचा. अपवाद फक्त समोर गोलची अगदी उघड संधी असेल तर.

स्लायडिंग टॅकल, म्हणजे घसरत जाऊन पायाने बॉल काढून घेणं, ही मुळात सुंदर गोष्ट आहे, हेही सांगायला हवं. चांगला बचावपटू बाजूने येतो. एक-दोन पावलांच्या अंतरावरून खाली बसतो, खालचा पाय गुडघ्यात दुमडून अंगाखाली घेतो. त्या दुमडलेल्या पायाची बाहेरची बाजू आणि मांडी गवतावर घासत जाते, तोच ब्रेक. वरचा पाय लांब करून बुटाच्या वरच्या किंवा आतल्या बाजूने बॉल ढकलायचा, स्टड (बुटाच्या तळव्याची टोकं) खाली. बिघडतं ते वेळेत. पळणाऱ्याने शेवटचा स्पर्श जरा लवकर केला की बॉल सरकतो, पण घसरत निघालेलं शरीर थांबवता येत नाही. ओल्या गवतावर तर घसरण हात-दोन हात लांबते, आणि सरावात कोरड्या मैदानावर बसलेला अंदाज चुकतो. कधी पाय बॉलच्या मध्यावर न लागता वर चढतो आणि बॉलवरून घसरून थेट नडगीवर जातो. सगळ्यात वाईट म्हणजे ताठ गुडघा. वाकलेला गुडघा आदळताना थोडा मिटतो, ताठ पाय मिटत नाही. मागच्या सगळ्या शरीराचं वजन, पळण्याच्या वेगासकट, चार-सहा स्टडच्या टोकांतून समोरच्याच्या घोट्यात उतरतं. दोन्ही पाय हवेत असतील तर स्वतःला आवरायला जमिनीचा आधारच उरत नाही. निघालेली झेप मग कोणाच्याच हातात नसते, झेप घेणाऱ्याच्याही नाही.

आता समोरच्याची बाजू. तोच धक्का, तोच वेग, तोच कोन. पण त्या क्षणी त्याचा पाय हवेत असेल तर पाय उडतो, माणूस कोलांटी खातो, उठतो. तोच पाय जमिनीवर रोवलेला असेल, सगळं वजन त्यावर असेल आणि स्टड मातीत रुतलेले असतील, तर बूट सरकत नाही. मग सरकायचं ते घोट्यात सरकतं. बाहेरच्या बाजूचं बारीक हाड मोडतं, सांधा निसटतो. शिनगार्ड नियमाने सक्तीचा आहे, पण तो नडगीवरचा थेट मार झेलतो. घोटा पिरगळला तर तो काही करू शकत नाही, आणि हल्ली पोरं तळहातापेक्षा छोटे गार्ड मोज्यात सारतात तेव्हा तर नाहीच.

पाय जमिनीवर होता की हवेत, एवढाच फरक.

या फरकावर शिक्षा ठरायला लागली की काय होतं याची दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. २३ फेब्रुवारी २००८, बर्मिंगहॅम विरुद्ध आर्सेनल. सामना सुरू होऊन तीनच मिनिटं झाली होती. मार्टिन टेलर उशिरा पोचला आणि त्याचा पाय आर्सेनलच्या एदुआर्दोच्या डाव्या पायावर घोट्याच्या वर बसला. पाय रोवलेला होता. हाड मोडलं, घोटा निखळला. टेलरला तिथल्या तिथे लाल कार्ड मिळालं आणि पुढे तीन सामन्यांची बंदी. एदुआर्दो परतला तो जवळजवळ वर्षाने. दुसरं उदाहरण २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं. नेदरलँड्सच्या नायजेल डी याँगने बॉल हवेत असताना पाय इतका वर नेला की बुटाचा तळवा स्पेनच्या शाबी अलोन्सोच्या छातीत बसला. स्पर्धा ज्यांनी बघितली त्यांना तो फोटो विसरणं शक्य नाही. रेफ्री हॉवर्ड वेब यांनी पिवळं कार्ड दाखवलं. समोर दुसरे खेळाडू आल्यामुळे नीट दिसलं नाही आणि ते लालच होतं, हे त्यांनी पुढे स्वतः सांगितलं. अलोन्सो कळवळला, उठला आणि ८७ व्या मिनिटापर्यंत खेळला. कृती म्हणून तोललं तर टेलरचा टॅकल उशिराचा आणि बेफिकीर, तसे टॅकल इंग्लंडात दर आठवड्याला व्हायचे. डी याँगची लाथ त्याहून कितीतरी भयंकर. पण एकाच्या नावापुढे मोडलेला पाय जन्मभर चिकटला आणि दुसऱ्याचा झाला किस्सा.

त्याही आधीचं सगळ्यांना ठाऊक असलेलं प्रकरण म्हणजे १९८२ च्या विश्वचषकातली सेव्हिलची उपांत्य लढत. फ्रान्सचा पात्रिक बातिस्तों बदली म्हणून आत आलेला. गोलवर एकटा सुटला, फटका मारून मोकळा झाला, आणि पश्चिम जर्मनीचा गोलकीपर हाराल्ड शूमाखर बॉल निघून गेल्यावर हवेतून त्याच्या तोंडावर आदळला. बातिस्तोंची शुद्ध हरपली, दात पडले, मणक्याला इजा झाली. निर्णय गोल किक. कार्ड सोडाच, फाऊलही नाही. म्हणजे कठड्यावरच्या त्या मंडळींचा हिशोबसुद्धा नेहमी लागू पडतो असं नाही. तिथे लागलं होतं, भरपूर लागलं होतं, आणि तरी काही झालं नाही, कारण रेफ्री बॉलकडे बघत होते.

तीन सामने की सात की वर्षभर, हा वाद अशा प्रत्येक वेळी उठतो. एदुआर्दोच्या सामन्यानंतर आर्सेनलचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर म्हणाले होते की टेलरला पुन्हा कधी खेळू देऊ नये. नंतर त्यांनी शब्द मागे घेतले. दोन्ही वेळा त्यांचं म्हणणं समजण्यासारखंच होतं. फिफाच्या शिस्तसंहितेत गंभीर फाऊलसाठी किमान दोन सामने आहेत आणि कोपर, ठोसा, लाथ, चावा, थुंकणं अशा हल्ल्यासाठी किमान तीन. इंग्लंडात गंभीर फाऊल आणि मारहाण, दोन्हींना ठरलेले तीन. समोरचा वर्षभर कुबड्यांवर आणि हा महिन्याभरात मैदानावर, हे बघताना पोटात कालवतं, यात शंका नाही. "जितके दिवस तो बाहेर, तितके दिवस हाही बाहेर" हे ऐकायला न्यायाचं वाटतं. पण ते अमलात आणलं तर सगळ्यांत मोठी शिक्षा सगळ्यात दुर्दैवी टॅकलला होईल, सगळ्यात वाईट टॅकलला नाही. लिगामेंट, म्हणजे सांध्यातला बंध, किती दिवसांत जुळतो हे डॉक्टरवर, वयावर, शस्त्रक्रियेवर अवलंबून, त्यावर बंदी कशी मोजायची? मला तीन सामने पुरेसे वाटतात. फक्त एका अटीवर, की जिथे पोरगा उडी मारून वाचला तिथेही ते तीन सामने मिळावेत. आणि ती अट नेमकी कुठेच पाळली जात नाही.

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये एव्हर्टन विरुद्ध टॉटनहॅम सामन्यात हा गोंधळ उघडाच पडला. टॉटनहॅमच्या सोन ह्युंग-मिनने एव्हर्टनच्या आंद्रे गोमेसला मागून पाडलं. साधा, चिडका, पिवळ्या कार्डाचा फाऊल. रेफ्रीचा हात पिवळ्याकडेच गेला होता. पडता पडता गोमेस सर्ज ऑरियेवर आदळला आणि त्याचा घोटा विचित्र वळला. सोन डोकं धरून बसला, इतर खेळाडूंनी तोंडं फिरवली, आणि पिवळ्याचं लाल झालं. टॉटनहॅमने दाद मागितली आणि लाल कार्ड रद्द झालं. माझ्या मते तो निकाल बरोबर होता, जरी त्या दिवशी ते दृश्य बघताना असा विचार करणं कठीण होतं. वर्षभराने, १७ ऑक्टोबर २०२० ला, त्याच मैदानावर नेमकं उलटं झालं. एव्हर्टनचा गोलकीपर जॉर्डन पिकफर्ड गुडघ्याच्या उंचीवर कात्री मारत लिव्हरपूलच्या व्हर्जिल व्हॅन डाइकवर गेला. व्हॅन डाइकचा गुडघ्याचा लिगामेंट तुटला, उरलेला मोसम आणि युरो स्पर्धा दोन्ही गेल्या. पण त्याआधी ऑफसाइड होता आणि व्हिडिओ खोलीतलं लक्ष ऑफसाइडच्या रेषेतच अडकलं. ऑफसाइड असला म्हणून गंभीर फाऊल माफ होत नाही, लाल कार्ड तरीही देता येतं. कार्ड मिळालं नाही आणि नंतर कारवाईही झाली नाही.

व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीला मदत करणारी पंचांची व्यवस्था, आलं की हे सगळं सुटेल असं वाटायचं. ते थेट लाल कार्डाच्या प्रसंगात हस्तक्षेप करू शकतं, इथपर्यंत ठीक. खरी मेख संथ चित्रीकरणात आहे. हळू दाखवलं की प्रत्येक टॅकल जाणूनबुजून केलेला दिसतो. पाय आरामात येतोय, खेळाडूला थांबायला भरपूर वेळ होता, तरी तो थांबला नाही, असा भास होतो. म्हणूनच कार्यपद्धतीत लिहून ठेवलंय की संथ चित्र फक्त जागा बघायला वापरायचं, स्पर्श कुठे झाला, बॉल कुठे होता. जोर किती होता हे नेहमीच्या वेगातच बघायचं. आपल्याकडे घरी मोबाइलवर क्लिप थांबवून थांबवून न्याय करणाऱ्यांना हे एकदा सांगून बघावं. इंडियन सुपर लीगचे (आयएसएल) सामने २०२४-२५ च्या मोसमापर्यंत व्हीएआरशिवायच झाले, तिथे तर रेफ्री, दोन्ही लाइन्समन आणि चौथा पंच यांचे डोळे, एवढीच पुंजी होती.

हेतूचं काय? मैदानावरच्या रेफ्रीने मन वाचायचं नाही, शरीर वाचायचं, हे नियमाचं शहाणपण आहे. पण शिस्तसमितीसमोर हेतू येतो तेव्हा पारडं हलतं. २००१ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर रॉय कीनने आल्फ-इंगे हालांडच्या गुडघ्यावर पाय घातला तेव्हा त्याला लाल कार्ड, तीन सामने आणि पाच हजार पौंड दंड झाला. पुढच्या वर्षी आत्मचरित्रात त्याने तो जुन्या भांडणाचा हिशोब असल्याचं छापलं, आणि इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने (एफए) आणखी पाच सामने नि दीड लाख पौंड वाढवले. टॅकल तोच होता. हालांडला किती लागलं यावरून ही वाढ झाली नाही. तो तर तो सामना संपेपर्यंत खेळला होता. आणि रेफ्रीच्या नजरेतून सुटलेलं नंतर पकडता येतं हे १९९४ च्या विश्वचषकात दिसलं. इटलीच्या माउरो तासोत्तीने कोपर मारून स्पेनच्या लुइस एन्रिकेचं नाक फोडलं, रेफ्रीला दिसलं नाही, फिफाने चित्रफीत बघून आठ सामने लावले. वीस वर्षांनी, ब्राझीलमधल्या विश्वचषकात, नेमारच्या पाठीत गुडघा घालणाऱ्या कोलंबियाच्या सुनिगावर मात्र काहीच लागलं नाही. मणका मोडला होता, यजमान देशाचा लाडका खेळाडू होता, अख्खा ब्राझील पेटला होता. फिफाने सांगितलं, नंतर कारवाई करायच्या अटीत हे बसत नाही. निर्णय कोरडा होता, पण निदान गर्दीला घाबरून दिलेला नव्हता.

मैदानाबाहेरचं न्यायालय क्वचितच आत येतं. रेंजर्सच्या डंकन फर्ग्युसनने विरोधी खेळाडूला डोकं मारलं म्हणून १९९५ मध्ये तुरुंगवास भोगला. ब्रॅडफर्डच्या गॉर्डन वॉटसनचा पाय १९९७ मध्ये टॅकलमध्ये मोडला, तेव्हा तो टॅकल हाच निष्काळजीपणा ठरला आणि भरपाई नऊ लाख पौंडांच्या पुढे गेली. पण त्याआधी चेल्सीच्या पॉल एलियटने डीन सॉन्डर्सवर घातलेला असाच दावा १९९४ मध्ये फेटाळला गेला होता. एलियटचा गुडघा कायमचा गेला होता, तरीही. न्यायाधीशांनी गुडघा बघितला नाही, टॅकल बघितला.

या किनाऱ्यावर मात्र हा विषय निघाला की इंग्लंडपर्यंत कोणी जात नाही. चाळिशी ओलांडलेला कोणीही गोव्याच्या डेम्पो क्लबचंच नाव काढतो. ५ डिसेंबर २००४, बंगळुरूचं कंठीरवा स्टेडियम, फेडरेशन कप अंतिम सामना, डेम्पो विरुद्ध मोहन बागान. डेम्पोचा ब्राझिलियन फॉरवर्ड क्रिस्तियानो ज्युनिअर गोल मारतानाच बागानचा तरुण गोलकीपर सुब्रत पॉल याच्याशी धडकला आणि कोसळला. तो परत उठला नाही. डेम्पोने कप जिंकला आणि दहा नंबरची जर्सी कायमची ठेवून दिली. पॉलवर दोन महिन्यांची बंदी आली. बांदा-दोडामार्गाकडची, गोव्यात फातोर्ड्याला सामने बघायला जाणारी जी मंडळी आहेत, त्यांच्यात अजूनही दोन तट पडतात. एक म्हणतो, माणूस गेला आणि दोन महिने? दुसरा म्हणतो, गोलकीपरने पुढे यायचंच नाही काय? दोघांचंही ऐकताना मान हलते. गोलकीपर पुढे येतो तेव्हा बॉलवर येतो की माणसावर, हात पुढे असतात की गुडघा, बॉल सुटून गेल्यावर स्वतःला आवरायचा प्रयत्न दिसतो का, एवढंच तपासता येतं. मृत्यूचं वजन त्या तपासणीत घातलं की तराजू कामाचा राहत नाही, आणि घातलं नाही की आपणच निर्दय वाटतो. पॉलने पुढे भारताचा गोल वर्षानुवर्षं सांभाळला. २०११ च्या आशिया चषकात त्याने जे बॉल अडवले ते इथल्याच लोकांनी टाळ्या वाजवत बघितले. डेम्पोच्या लोकांनीसुद्धा.

आपल्या मैदानांचं आणखी एक आहे. सड्यावरच्या मैदानात वर चार बोटं माती आणि खाली जांभा. तिथे स्टड रुतत नाहीत, खेळाडू घसरतात, कातडी सोलते, पण घोटा वाचतो. कापणी झालेल्या मळ्यातलं मैदान मऊ; नोव्हेंबरात खाली ओल असते, स्टड गच्च बसतात, आणि तिथला तोच टॅकल कितीतरी जास्त महाग पडतो. पुळणीवर अनवाणी खेळणाऱ्यांत तर रोवलेला पाय निदान वाळूत सरकतो, आणि बुटाचे स्टड नसल्याने तळव्याची भीती कमी. रेफ्रीने सामन्याआधी टाचेने माती दाबून बघावी, बुटांचे तळवे उलटे करून तपासावेत. झिजून धारदार झालेला एखादा स्टड हमखास सापडतो. तो कानशीने घासून गोल करायला दोन मिनिटं लागतात.

आणि अहवाल. लाल कार्ड दिलं की रेफ्रीने स्पर्धा समितीला कागद द्यायचा असतो, आणि गावच्या स्पर्धांत त्यावर बहुतेकदा एकच ओळ असते: "खेळाडू जखमी झाल्याने लाल कार्ड." हा कागद समितीसमोर टिकत नाही, कारण संध्याकाळपर्यंत जखमी खेळाडू लंगडत का होईना मांडवात येऊन बसलेला असतो आणि दोन्ही संघांचे पुढारी त्याच्याकडे बोट दाखवतात. लिहायचं ते असं: कितवं मिनिट, मैदानाच्या कुठल्या भागात, किती लांबून झेप घेतली, एक पाय की दोन, गुडघा ताठ की वाकलेला, तळवा कुठे, स्पर्श झाला असल्यास कुठे, बॉल त्या वेळी किती अंतरावर होता, रेफ्री स्वतः किती अंतरावर नि कुठल्या कोनात उभा होता. दुखापतीचा रकाना शेवटी, वेगळा. तो कोरा राहिला तरी वरचं सगळं भरलेलं असावं.